धूर नंतर बघू, आधी ब्रेक

पत्र : सप्रेम नमस्कार. वय ५४, जिल्हा परिषदेत नोकरी, मुक्काम सातारा. कॉलेजात असताना आमच्या गल्लीत एका कंत्राटदाराकडे येझदी होती. ती कोपऱ्यावर आली की आवाजावरूनच कळायचं. तेव्हा ऐपत नव्हती. आता मुलं मार्गाला लागली, म्हणून कराडजवळच्या एका गावातून १९८४ ची येझदी २५० घेतली. आठ वर्षं गोठ्यात उभी होती. बॅटरी आणि प्लग बदलल्यावर पाचव्या-सहाव्या किकला सुरू होते. पण पांढरा धूर इतका की शेजारी खिडक्या लावून घेतात. दहा-बारा मिनिटं चालली की बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. पुढचा ब्रेक नावालाच आहे आणि हेडलाइट म्हणजे देवापुढची निरांजन. एक मेकॅनिक म्हणतो, फुल इंजिन खोलू. दुसरा म्हणतो, बारा व्होल्ट करून टाका आणि पुढे डिस्क बसवा. आरसी बुक विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर आहे, ते आता हयात नाहीत, आणि मुदतही संपलेली आहे. आम्हा दोघांना या गाडीवरून जोतिबाला जायचं आहे, पण सौ. म्हणते, गाडीची खात्री झाल्याशिवाय मी मागे बसणार नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : नमस्कार. तुम्ही तक्रारींचा क्रम लावलाय तो असा : धूर, बंद पडणं, ब्रेक, दिवा. जुनी गाडी घेणारे बहुतेक जण असाच लावतात, कारण धूर सगळ्या गल्लीला दिसतो आणि ब्रेक कुणालाच दिसत नाही. मी तो मोडणार आहे. धुरापायी फार तर इंजिनाचं काम निघेल. ब्रेकपायी काय निघेल ते वहिनींनी ओळखलंय, म्हणून तर त्या बसत नाहीत. त्यांचं म्हणणं या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य आहे.

दोन्ही मेकॅनिकना तूर्त हात जोडा. इंजिन खोलायचं की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, कारण कुणी काही तपासलेलंच नाही. आणि डिस्क बसवायची म्हणजे पुढचं चाक, हब, शॉकअप सगळं दुसऱ्या गाडीचं आणायचं. मूळचा ड्रम नीट केला तर तुम्ही ज्या वेगाने ही गाडी चालवणार आहात त्याला तो पुरतो. नीट केलेला, हे महत्त्वाचं. चाळीस वर्षांत तो कुणी नीट केलेला नसतो.

हाताखाली काय आहे ते थोडक्यात सांगतो. तुमची गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. झेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर तिथे १९६१ पासून गाड्या बनत होत्या, पुढे त्याच येझदी नावाने आल्या, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एकच सिलिंडर, ६५ चा बोअर, ७५ चा स्ट्रोक, टू-स्ट्रोक, आणि एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही, ऑईल पंप नाही. इतकं साधं इंजिन की त्यात बिघडायला मोजक्याच जागा आहेत, आणि त्या एकेक करून तपासता येतात. २०२२ पासून येझदी नावाने ज्या नव्या गाड्या विकल्या जातात त्या फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या. त्यांच्या शोरूममध्ये तुमच्यासाठी काहीही नाही, तिकडे हेलपाटा घालू नका.

आता ब्रेक. पुढचं चाक उतरवा. ड्रम उघडल्यावर आत जी काळी धूळ दिसेल ती फुंकर मारून किंवा पंक्चरवाल्याच्या हवेने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेक-शूवरच्या थरात, अॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जाता कामा नये. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. मग लायनर बघा. आठ वर्षं उभ्या गाडीचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात किंवा पट्टीपासून सुटायला आलेले असतात. चांगली जाडी शिल्लक असेल तर खरखरीत पॉलिश पेपरने वरची चकाकी काढली तरी फरक पडतो. पण वय बघता मी नवे लायनर चिकटवून घेईन. जुने शू फेकू नका. मूळ शूचं अॅल्युमिनियम बाजारातल्या नकलेपेक्षा चांगलं असतं, त्यावरच लायनिंग करून मिळतं. हबच्या बेअरिंगचं ग्रीस ड्रममध्ये आलेलं असेल तर ते आधी थांबवा, नाहीतर नवे लायनरही आठवड्यात तेलकट होतील.

शू दाबणारा जो कॅम असतो तो या गाड्यांत हमखास जाम झालेला सापडतो. बाहेर काढा, घासा, अगदी बोटावर मावेल एवढंच ग्रीस लावून परत बसवा. ब्रेकची केबल नवी घ्या, जुनीत तेल घालून वेळ मारून नेऊ नका. केबल ओढलेली असताना कॅमची दांडी आणि केबल यांच्यात काटकोन व्हायला हवा. तो नसेल तर दांडी एक दाता सरकवून बसवा, तेवढ्यानेच ब्रेकची ताकद बदललेली जाणवते. आणि चाक बसवताना एक्सलचा नट आवळण्याआधी ब्रेकची लिव्हर घट्ट दाबून धरा, मग आवळा. दोन्ही शू ड्रमच्या मधोमध येतात. या एका गोष्टीला पैसा लागत नाही आणि नव्या पोरांना ती कुणी शिकवत नाही. एवढं करूनही लिव्हर हाताखाली धडधडत असेल तर ड्रम लंबगोल झालाय. तो लेथवर मारून घ्यावा लागेल.

मागचा ब्रेकही याच पद्धतीने. नवे लायनर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर नीट चावत नाहीत. ते चढायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी नाराज होऊ नका आणि पहिल्याच दिवशी गर्दीतही जाऊ नका.

चाकं उतरलीच आहेत तर टायरची कड वाचा. तिथे एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी कितीही खोल दिसू द्या, इतकं जुनं रबर आतून वाळलेलं असतं आणि पावसात ते रस्ता धरत नाही. चार आकडेच नसतील, तीनच असतील, तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. हसू नका, गोठ्यातून निघालेल्या गाड्यांना असे टायर निघतात. दोन्ही टायर, ट्यूब आणि रिमवरची पट्टी नवी. आरे एकेक करून पान्याने वाजवा. जो बद्द वाजेल तो ढिला. नंतर गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवा. मधोमध कुठे अडकल्यासारखं झालं तर कोनसेटला, म्हणजे हँडलच्या बेअरिंगला, खड्डे पडलेत. या दोषाने गाडी वेगात डुलते, आणि चालवणाऱ्याला वाटतं वारा आहे.

अॅक्सिलेटरची केबलही आत्ताच. मूठ पिळून सोडली की ती स्वतःहून खटकन परत आली पाहिजे. सरळ हँडलवर तपासू नका, डावीकडे पूर्ण वळवून आणि उजवीकडे पूर्ण वळवून तपासा. वळणावर रेस अडकणं म्हणजे काय ते अनुभवायची गरज नाही.

एवढं झालं की मगच पेट्रोल.

टाकी काढा, रिकामी करा, बॅटरीच्या उजेडात आत बघा. तळाला तांबूस खपल्या असतील तर कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी उपयोग नाही, दर चार किलोमीटरला तो पुन्हा चोंदेल. टाकीत मूठभर नटबोल्ट आणि थोडं पाणी घालून हलवा, गाळ काढा, मग गंज काढायचं द्रावण, मग धुणं, आणि पूर्ण वाळवणं. शेगडी, सिगारेट, वेल्डिंग यांपैकी काहीही आसपास नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. खाली कॉक उघडून त्याची जाळी आणि रबर बदला.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९८४ च्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, त्या फुगतात, मऊ पडतात आणि नेमक्या गरम इंजिनावर गळतात. नळी नवी, इथेनॉलला टिकणारी घ्या, दोन्ही टोकांना क्लिप लावा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून टाकीत पेट्रोल भरून महिना-महिना गाडी उभी ठेवायची नाही. पंधरा दिवस चालवायची नसेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरचा बाऊल तरी रिकामा करा.

ऑईलचं प्रमाण विकणाऱ्याने काय सांगितलं ते विसरा. ही गाडी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या, ऑईलवरच जगते, पिस्टनला आणि त्याने फिरणाऱ्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, दुसरं वंगण नाही. साध्या टू-टी ऑईलचं लिटरला ३० ते ४० मिली हे प्रमाण धरा. नवा पिस्टन बसवला तर सुरुवातीला चाळीसच्या बाजूला. आधी ऑईल टाकायचं, त्यावर पेट्रोल, म्हणजे धारेनेच ते मिसळतं. हल्ली पंपावर टू-टीचं मशीन क्वचित दिसतं, म्हणून ऑईलची बाटली आणि औषधाचं मापाचं झाकण गाडीतच ठेवा. ‘थोडं जास्त घातलं तर इंजिनाला बरं’ हा गैरसमज आहे. ऑईल वाढलं की तेवढ्या जागेचं पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण सौम्य पडतं, शिवाय सायलेन्सर चोंदतात. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑईल तर चुकूनही नाही.

दहा-बारा मिनिटांनी बंद पडण्याचं कोडं सोपं आहे, फक्त बंद पडल्या क्षणी डोकं शांत ठेवायला लागतं. बंद पडली की पहिलं काम, टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज झाला आणि मिनिटभराने गाडी सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली येत नाही. टाचणीने साफ करा, विषय संपला. तसं नसेल तर खिशात ठेवलेला दुसरा प्लग केबलला लावा, त्याची कड इंजिनाला टेकवा, आणि किक मारा. गाडीतला प्लग जागेवरच राहू द्या, म्हणजे भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. ठिणगी पिवळसर, मरगळलेली किंवा गायब असेल तर कंडेन्सर किंवा कॉईल, हे ठिणगीच्या विजेचे भाग, गरम झाल्यावर दगा देतायत. थंड झाल्यावर चालू, गरम झाल्यावर बंद, ही कंडेन्सरची खूणच आहे. तो स्वस्त असतो, आधी तो बदला, मग कॉईलकडे वळा. एका दिवशी एकच गोष्ट बदला. कंडेन्सर, कॉईल आणि कार्बोरेटरचा जेट एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हीचे पैसे जातात.

ठिणगीची वेळ साधणारे प्लॅटिन पॉइंट उजव्या झाकणाखाली आहेत. तोंडं जळलेली असतील तर नवे घ्या. पूर्ण उघडल्यावर ०.४ मिमी गॅप ठेवा, प्लगला ०.६. फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, विकत घ्या, पोस्टकार्डाने मोजायचे दिवस गेले आणि पोस्टकार्डंही गेली. पॉइंटची गॅप बदलली की ठिणगीचं टायमिंगही हलतं, म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. ते मात्र डायल गेज असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. टायमिंग फार पुढे गेलं तर किक उलटी येते आणि घोटा धरून बसायची वेळ येते. येझदीत किक आणि गिअरची दांडी एकच, आत दाबून वर फिरवायची. गाडी सुरू झाली की ती परत गिअरच्या जागी आणायला विसरू नका.

उजवं झाकण काढलंच आहे तर डायनॅमोचा गोळा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. तो थेट क्रँकवर बसलेला आहे. हाताला खेळ जाणवला तर क्रँकची बेअरिंगं गेलीत, आणि तसं असेल तर तुमचा पहिला मेकॅनिक बरोबर निघाला असं समजा. खेळ नसेल तर त्याला चहा पाजा आणि घरी या.

दिव्याबद्दल. सहा व्होल्टचा दिवा आजच्या गाड्यांसारखा कधीच लागणार नाही. पण निरांजन इतकाही तो मंद नसतो. दोष बहुतेक वेळा गंजलेल्या जोडांचा असतो, विशेषतः अर्थचा. जिथे जिथे वायर फ्रेमला किंवा इंजिनाला आवळलेली आहे तिथे रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा, नवी टोकं लावा. हेडलाइटच्या आतला आरसा काळवंडला असेल तर तो बदला. वायरिंगवर चिकटपट्टीचे बोळे दिसत असतील तर जोडाजोडी करू नका, पूर्ण नवं वायरिंग आणि बॅटरीजवळ फ्यूज. जुन्या गाड्या पेटतात त्या याच बोळ्यांपायी. आणि तुमच्या गाडीचं इग्निशन बॅटरीवर चालतं, त्यामुळे चार्जिंग नीट नसेल तर आधी दिवा मंदावतो आणि मागोमाग इंजिन मिसिंग घ्यायला लागतं. बारा व्होल्टचं रूपांतर हा वाईट विचार नाही. पण मूळचं धड आहे की नाही हे न बघता केलेलं रूपांतर म्हणजे जुन्या गोंधळावर नवा गोंधळ. पहिलं वर्ष दिवसाउजेडी चालवा, मग ठरवा. ब्रेकलाइट मात्र दोन्ही ब्रेकवर लागला पाहिजे. मूळ गाडीत तो पुढच्या ब्रेकवर लागत नसेल तर स्विच घाला, इथे मी मूळपणाचा आग्रह धरत नाही.

आता तो प्रसिद्ध धूर.

पांढरा धूर दोन कारणांनी येतो. पहिलं कारण निरुपद्रवी : वर्षानुवर्षं सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑईल. गाडी सलग अर्धा-पाऊण तास चालली की ते जळून जातं आणि धूर उतरत जातो. तुमची गाडी दहा मिनिटांतच बंद पडते, म्हणजे सायलेन्सर कधी पुरते तापलेलेच नाहीत. म्हणून बंद पडण्याचा बंदोबस्त आधी, धुराचा नंतर. हेच कारण निघालं तर सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून जाळून घ्या, काजळीचे कपचे निघतील, आणि गाडीला श्वास मोकळा होईल. तुमच्या त्या कंत्राटदाराच्या गाडीचा आवाजही याच नळ्यांतून यायचा. त्या काढून फेकल्या की आवाज वाढतो आणि खालचा जोर जातो, तेव्हा साफ करून परत बसवा.

दुसरं कारण गंभीर आहे. इंजिनाच्या डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच गिअरऑईलमध्ये फिरतात. तिथलं क्रँकचं ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, वाळून कडक झालं की इंजिन स्वतःच ते गिअरऑईल ओढून जाळायला लागतं. ओळखायचं असं : गिअरऑईल बदला, लेव्हलच्या बोल्टपर्यंत नवं भरा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा लेव्हल बघा. जमिनीवर एक थेंब नाही आणि लेव्हल उतरली, तर ते सायलेन्सरवाटे गेलं. त्या धुराला टू-टीचा ओळखीचा वास येत नाही, जळक्या जड तेलाचा येतो. आठ वर्षं उभ्या गाडीत मला हीच शंका जास्त आहे.

उजव्या बाजूचं सील गेलं तर धूर येत नाही, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही, आणि तेच जास्त घातकी. तिथून कोरडी हवा आत शिरते, मिश्रण सौम्य होतं, इंजिन तापतं, आणि एक दिवस चालत्या गाडीत पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. खूण अशी की रेस सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही, ते स्वतःच्या मर्जीने फिरत राहतं. असं झालं तर कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसू नका. सील डावं गेलंय की उजवं, बदलायची दोन्ही एकत्र. डाव्यासाठी क्लच आणि प्रायमरी चेन उतरवावी लागते, काम अंगाचं आहे, पण म्हणून त्याला फुल इंजिन म्हणत नाहीत. क्रँकला खेळ असेल तर मात्र नवं सीलही टिकणार नाही. मग इंजिन खोला, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगं, सील सगळं एकाच वेळी. त्यासाठी कोल्हापूरचं उद्यमनगर तुमच्यापासून लांब नाही. लेथ, बोअरिंग आणि क्रँक प्रेसच्या कामाला तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे हात आहेत. पार्टसाठी पुण्यात नाना पेठ पालथी घाला. जुना पार्ट हातात घेऊन जा, मापाला माप लावून घ्या. फोनवर ‘येझदीचं आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मेकॅनिकशी बोलताना एक पथ्य. ‘गाडी बघा जरा’ असं कधी म्हणायचं नाही. ‘डावं सील बदलायचंय’ असं म्हणायचं, आणि काढलेला जुना पार्ट परत मागायचा. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी. बाजारात विकायला येणाऱ्या अर्धवट गाड्या तुम्ही बघितल्या असतील. त्यांचा रंग नवा कोरा असतो, कारण मालकाचे पैसे तिथेच संपलेले असतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी जमतात. तिथे नुसतं जाऊन उभे राहिलात तरी तुमच्या जिल्ह्यात खरं काम कोण करतं ते तासाभरात कळेल.

गाडी चालायला लागली की पहिले काही आठवडे सपाटीवर, साताऱ्याहून कोरेगाव आणि परत, इतकंच. परत आल्यावर प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. काळा ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त. पांढुरका कोरडा असेल तर गाडी चालवणं थांबवा, हवा कुठून तरी शिरतेय. यवतेश्वरचा घाट यानंतर. चढापेक्षा उताराची काळजी घ्या. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबर येतं, आणि रेस पूर्ण बंद करून गिअरमध्ये लांब उतार उतरलात की चाक इंजिनाला फिरवत राहतं पण ऑईल जवळजवळ येत नाही. अधूनमधून जराशी रेस द्या. इंजिनाचा आवाज अचानक दबला, गाडी कुणी मागून ओढल्यासारखी वाटली, की विचार न करता क्लच दाबा. पिस्टन धरला तर मागचं चाक लॉक होतं, आणि क्लचवर ठेवलेली दोन बोटं पडण्यापासून वाचवतात. ड्रम ब्रेक उतारावर तापून सुस्त पडतात, म्हणून दोन्ही आलटून-पालटून वापरा आणि वेग आधीच कमी ठेवा.

कागदांचं काम गाडीच्या कामाबरोबरच सुरू करा, त्याला जास्त वेळ लागतो. आरसी मयत व्यक्तीच्या नावावर असल्याने ती थेट तुमच्या नावावर होत नाही. आधी वारसाच्या नावावर, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. नंतर वारसाकडून तुमच्याकडे फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर वडिलांच्या जुन्या सह्या आहेत असं सांगितलं असेल तर ते कागद फाडून टाका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५, गाडी प्रत्यक्ष दाखवून आणि पर्यावरण कर भरून. पुस्तकावर कोणत्या कार्यालयाचा शिक्का आहे तेही बघा. दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर त्यांची एनओसी, फॉर्म २८, लागेल. इतक्या जुन्या गाडीची नोंद संगणकात नसण्याचीही शक्यता असते, मग बॅकलॉग एंट्रीसाठी खेपा घालाव्या लागतात. चेसिस आणि इंजिनचा नंबर पुस्तकाशी स्वतः पडताळा. या गाड्यांची इंजिनं चाळीस वर्षांत सर्रास अदलाबदल झालेली असतात, आणि ते आरटीओत कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. पीयूसीला २००० च्या आधीच्या दुचाकीसाठी मर्यादा सैल आहे, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम. सील आणि सायलेन्सर धड असतील तर तुमची येझदी त्यात बसेल. नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागेल.

कुणीतरी तुम्हाला ‘व्हिंटेजमध्ये नोंदवा’ असं सुचवेलच. २०२१ च्या नियमाने त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, म्हणजे तुम्हाला २०३४ उजाडेल. आणि तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला जोतिबाला जायचंय, तेव्हा साधी नोंदणीच बरी. हे सगळं होऊन विमा हातात येईपर्यंत गाडी अंगणातच. मुदत संपलेल्या नोंदणीवर अपघात झाला तर भरपाईचा घोळ आयुष्यभर पुरेल.

वहिनींना कधी बसवायचं? एकट्याने पाचशे किलोमीटर कुरकुरीशिवाय झाले की. त्याआधी मागच्या शॉकअपमधून तेल गळत नाही ना, मागचे फूटरेस्ट घट्ट आहेत ना आणि साडीगार्ड जागेवर आहे ना ते बघा. ते नसेल तर बसवून घ्या, साडी किंवा ओढणी आऱ्यांत जाणं हा चेष्टेचा विषय नाही. हेल्मेट दोन. माणूस वाढला की थांबायचं अंतर वाढतं, हे मोकळ्या रस्त्यावर त्यांना बसवूनच एकदा करून बघा.

जोतिबाला चैत्राच्या यात्रेत मात्र नेऊ नका. पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगराच्या, चढावर पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, रांगेत तासभर काढायचा म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा छळ. हवा लागायला गाडी पुढे जायला लागते. रविवारही टाळा. मधल्या वारी, पहाटे उजाडल्यावर निघा, महामार्गावर डावी कड धरा, कराडला आणि पेठनाक्याला थांबून हात इंजिनाजवळ नेऊन बघा, प्लग बघा, चहा घ्या. दुपारच्या आत वर पोचाल. परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी ठेवा, अंधारात त्या दिव्यावर ट्रकांच्या मधून यायचं नाही.

पिशवीत असू द्या : दोन प्लग, प्लगचा पाना, फीलर गेज, एक कंडेन्सर, क्लच आणि अॅक्सिलेटरची एकेक केबल, चेनचं लॉक, ट्यूब, बल्ब, फ्यूज, टू-टीची बाटली आणि एक जाड फडकं. पाने मेट्रिक घ्या. वहिनींच्या पर्समध्ये यातलं काहीही ठेवू नका.